जांभूळ दोनशे चौदा

रबाळ्याला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत,
जिथं रस्त्याला कधी बिस्किटांचा वास येतो, कधी रंगाचा,
तिथं मी अकरा वर्षं चवी बनवते.
लोकांना वाटतं, स्वयंपाक.
नाही. काचेच्या नळ्या, वजनकाटा, थेंब मोजायची पिपेट,
आणि आम्ही सहाजण, तोंडात घेऊन थुंकणारे.
थुंकायचंच असतं. नियम आहे.
गिळणं आमच्या कामात येत नाही.

माझ्या नावावर एकोणीस चवी आहेत.
कैरी-पुदिना, तंदुरी धूर, आंबट साय,
आणि जांभूळ दोनशे चौदा.
दोनशे तेरा वेळा जमलं नाही, म्हणून हे नाव.
जमलं त्या दिवशी गुप्तेसाहेबांनी पेढे वाटले.
पेढे आम्ही गिळले.

मीटिंगमध्ये एक शब्द सारखा येतो: विरघळ.
कुरकुर वाजली पाहिजे आणि लगेच नाहीशी झाली पाहिजे,
पोटाला वर्दी जायच्या आत.
पोट म्हणजे गेटवरचा वॉचमन,
तो चष्मा शोधून, वही उघडून नाव लिहायला बसेपर्यंत
पाकीट संपलेलं हवं.
हे वाक्य माझंच.
साहेबांनी ते फळ्यावरून पुसू दिलं नव्हतं.

निषाद चौदाचा आहे.
मी घणसोलीला घरी पोचते तेव्हा
त्याच्या खोलीत दिवा नसतो, फक्त स्क्रीनचा उजेड.
दिवाळीआधी गादी उचलली
तर खाली पाकिटं, आतून चांदीची,
चौकोनी घड्या घातलेली.
अशी घडी मी त्याला रुमालाची शिकवली होती,
बालवाडीत असताना.

कोपरखैरण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी उजेडात धरली.
यकृतावर चरबी आहे, म्हणाल्या.
एवढ्याशा पोराच्या?
हल्ली एवढ्याशाच येतात.
मग त्याच्याकडे वळून: झोप लागते? चिडतोस? मित्र?
कंटाळा येतो का रे?
निषाद म्हणाला, "कंटाळा नाही. काहीच नाही येत."
त्यांनी पेन खाली ठेवलं.
सगळं खाण्यामुळेच असं मी म्हणणार नाही,
पण खाण्यापासून सुरू करू. काय खातो हा?

मी यादी सांगितली.
यादीतल्या तीन पाकिटांच्या मागे,
तारखेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
लिहिलेलं असतं: निसर्गसमान स्वादद्रव्ये.
ती मी.
सांगितलं नाही मी त्यांना.

जूनच्या एका रविवारी त्याला गवळीदेवाच्या पायथ्याशी नेलं.
चाल थोडं, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, औषधासारखं.
वळणावर एक ठाकर बाई द्रोण मांडून बसली होती,
जांभळं टपोरी, काही फुटलेली, वर माशा,
आणि वर्तमानपत्राच्या पुडीत मीठ.

त्याने एक तोंडात टाकलं.
चावलं. ओठ आखडले.
"मम्मी, हे जांभळासारखं लागत नाही."

बाई हसली. मी नाही हसले.
काय चुकलं त्यात?
"घसा धरतंय. जांभूळ असं नसतं."

तुरटपणा मीच काढला होता.
एकशे अठ्ठ्याऐंशीच्या खेपेला.
अहवालात त्याला 'अडथळा' म्हटलं होतं,
तुरट लागलं की हात पाकिटात परत जायला वेळ घेतो.
म्हणजे फळ आपलं आपण सांगत होतं, पुरे,
आणि तेवढंच मी खरवडून टाकलं
आणि उरलेलं डब्यात भरलं.

उद्या नवीन काम आहे.
वाटीभर गरम पाण्यात 'घरचं वरण',
हिंगासकट, दोन मिनिटांत.
हप्ते आहेत, मी जाणार आहे.

त्या वळणावर उभ्यानेच मी अख्खा द्रोण संपवला,
थुंकल्या फक्त बिया.
निषादने मोबाइल काढून माझ्या जिभेचा फोटो घेतला,
बराच वेळ मोठा करून बघत राहिला.
मग द्रोणातलं शेवटचं उचललं.
खाल्लं नाही.
मुठीत धरून उतरला सगळा रस्ता,
घरी आल्यावर म्हणाला, हात धुऊन जात नाहीये.